घडी जमते, डझन जमत नाही

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच त्याला गोष्टी समजायला, शिकायला वेळ लागतो. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो विशेष शाळेत जायचा, त्यानंतर घरीच आहे. नान्ना (आम्ही घरी तेलुगू बोलतो, नान्ना म्हणजे वडील) यंत्रमागावर होते, चार वर्षांपूर्वी गेले. अम्मा विड्या वळते, मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. वैशाखात माझं लग्न आहे आणि मी भिवंडीला जाणार आहे.

घरातले धुतलेले कपडे, चादरी सगळं भाऊच घड्या घालून ठेवतो, आणि घडी अशी की कडेला कड लागते. रोज दुपारी तो आमच्या गल्लीतल्या टॉवेलच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहतो. मी मालकांना विचारलं, याला घडीच्या कामाला घ्याल का? ते म्हणाले, 'त्याला डझन मोजता येत नाही, घेऊन काय करू? बसू दे हवं तर, चहापाण्याला देईन काहीतरी.' मामा म्हणतात सरकारी कोट्याची वाट बघा, नाहीतर कर्ज काढून टपरी टाकू. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून त्याला मेणबत्त्यांच्या केंद्रात घातलं होतं, तीन महिने गेला, आता तिकडचं नाव काढलं की अंथरुणात तोंड खुपसतो. अम्मा म्हणते, देवाचं लेकरू आहे, माझे हात चालताहेत तोवर त्याला कशाला राबवायचं? त्याला खरंच काम मिळेल का, की हा माझाच हट्ट आहे?

– त्याची अक्का, साखर पेठ, सोलापूर

प्रिय अक्का,

भाऊ ज्या हाकेनं बोलावतो तीच तुम्ही सहीला वापरलीत, म्हणून मीही तीच वापरते.

हा हट्ट नाही. त्याला काम मिळू शकतं, आणि बहुधा तुमच्या गल्लीतच मिळू शकतं. मामा काय म्हणतात, काकू काय म्हणतात, मालक काय म्हणाले हे सगळं तुमच्या पत्रात आलंय. खुद्द त्याच्याबद्दल मात्र दोनच गोष्टी आहेत: तो कडेला कड लावून घडी घालतो आणि रोज आपण होऊन एका कारखान्याच्या दारात जातो. मला त्या दोन गोष्टी बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाच्या वाटतात.

आपल्याकडे दिव्यांग माणसाच्या कामाचा विषय निघाला की आधी विचारतात 'काय झालंय त्याला?', आणि मग त्या उत्तराप्रमाणे ठरलेली कामं सांगतात. बुद्धीनं मंद असेल तर मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या. दिसत नसेल तर खुर्च्यांचं विणकाम. पाय अधू असेल तर पूर्वी टेलिफोन बूथ, आता झेरॉक्स. माणूस कोणत्या घरातला, कोणत्या पेठेत वाढलेला, त्याला कशाची ओढ आहे, त्याला ओळखणारं कोण कोण आहे, याची चौकशी कोणी करत नाही. तुमचा भाऊ माग चालवणाऱ्या माणसाचा मुलगा आहे. त्याच्या आसपास धोटा, कांड्या, टॉवेल, गठ्ठे हेच चाललेलं त्यानं आयुष्यभर पाहिलंय. त्याला मेणबत्त्यांशी काय देणंघेणं?

तेव्हा पहिले पंधरा दिवस काहीच ठरवू नका. एक वही करा आणि तो आपण होऊन काय करतो ते लिहा. कोणत्या वेळी ताजातवाना असतो, कधी आडवा होतो, सलग किती वेळ उभा राहू शकतो, आवाज झाला की कान झाकतो का, कोणाचं पटकन ऐकतो, कोण दिसलं की खुलतो. त्या दारात तो कशासाठी उभा राहतो हेही नीट बघा. आतली घडी बघायला जात असेल तर ते एक. चार वाजता चहा येतो म्हणून जात असेल तर कदाचित त्याची जागा चहावाल्याबरोबर, कारखान्या-कारखान्यांत कप पोचवण्यात असेल. तिथल्या एखाद्या मावशीशी त्याची गट्टी असेल तर काम शिकवणारं माणूस तुम्हाला आयतंच मिळालं. आणि मागांचा खडखडाट ऐकायला जात असेल, नान्ना त्याच आवाजात काम करायचे म्हणून, तर तेही समजून घ्यायला हवं.

आणि त्याला विचारा. मामांना, मालकांना, मला, सगळ्यांना विचारलंत, त्याला विचारल्याचं पत्रात दिसलं नाही. पण 'काम करशील का?' असं विचारू नका. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकायची सवय लावली जाते ती मुलं अशा प्रश्नाला 'हो' म्हणतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्याला दोन जागा प्रत्यक्ष दाखवा, दोन्हीकडे तासभर बसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी 'कुठं जायचं?' एवढंच विचारा. पाय जिकडे वळतील तेच उत्तर. मेणबत्त्यांच्या केंद्राचं उत्तर त्यानं दिलेलंच आहे, आणि ते मानायला हवं.

आता मालकांच्या अडचणीकडे येते, कारण ती खोटी नाही. डझनाच्या गठ्ठ्यात अकराच टॉवेल निघाले तर व्यापारी पुढच्या वेळी दहादा विचार करेल. पण बारापर्यंत मोजता येणं वेगळं आणि डझन बरोबर भरणं वेगळं. एका लाकडी फळीवर दोन खुंट्या ठोकून घ्या. डावीकडच्या खुंटीत बारा बांगड्या अडकवा. एका टॉवेलची घडी झाली की एक बांगडी उजवीकडे. डावी खुंटी रिकामी झाली की डझन भरलं, गठ्ठा बांधणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि बांगड्या परत डावीकडे. नॅपकिनसारखा लहान माल असेल तर याहून सोपं: टेबलावर रंगानं बारा चौकोन आखायचे, सहा-सहाच्या दोन ओळी, प्रत्येक चौकोनात एक नॅपकिन. चौकोन उरला नाही की झालं. आकडा कुठंच लागत नाही, आणि डझन चुकत नाही. मालकांकडे जाताना ही फळी बरोबर न्या आणि घरच्या टॉवेलांवर त्याला करून दाखवू द्या. तुम्ही दहा मिनिटं बोलण्यापेक्षा त्यानं केलेले दोन डझन जास्त पटवतील.

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे एक संशोधक होते. ज्यांना काहीही शिकवता येणार नाही असं म्हणून संस्थांमध्ये ठेवून दिलं होतं, अशा बौद्धिक दिव्यांग माणसांना त्यांनी सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडायला शिकवलं. ही १९७० च्या आसपासची गोष्ट. त्यांची पद्धत अशी की कामाचे बारीक बारीक तुकडे करायचे, ते एकामागून एक दाखवायचे, आणि माणूस अडला तर तो तुकडा आणखी वेगळ्या रीतीनं दाखवायचा. अडला तर दोष शिकवण्यात शोधायचा, ही त्यांची अट होती. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण आपण नेमकं उलटं करतो. एकदा सांगितलं, नाही जमलं, की 'याला कळतच नाही' म्हणून मोकळे होतो.

घडीचे तुकडे तुम्हीच पाडा. मालकांच्या परवानगीनं एक दुपार तिथल्या मावशींजवळ बसा, कारण प्रत्येक कारखान्याची घडी वेगळी असते. पिशवीचं माप, लेबल कुठं दिसायला हवं, यावर ती ठरते. टॉवेल ढिगातून उचलला. लेबलाचा कोपरा शोधला. तो कोपरा डाव्या हाताला येईल असा टॉवेल पसरला. तळहातानं सुरकुती सारली. लांबीत अर्धा केला. पुन्हा अर्धा. मग रुंदीत तीन पदर. लेबल वर आलं का बघितलं. बंद कड आपल्याकडे ठेवून चवडीवर ठेवला. असे नऊ तुकडे झाले. यातले सहा-सात त्याला आजच येत असणार. जो अडेल तो बहुधा एकच असेल, माझा अंदाज लेबलाचा कोपरा शोधण्याचा. मग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात रंगाची खूण करा, 'लेबल इथं' एवढं ठरवून द्या. शेजारी उभं राहून 'नीट कर, नीट कर' म्हणू नका, त्यातून त्याला काहीच समजत नाही. चुकला की बोट दाखवा, नुसतं बोट. जमलं की गप्प राहा आणि पुढचा टॉवेल पुढं सरकवा.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. तो शाळेत मराठी शिकला, घरी तेलुगू बोलता, गल्लीत कन्नड आणि हिंदीही कानावर पडत असेल. आपल्याला सोलापूरकरांना यात काही वाटत नाही, बोलता बोलता आपण चारही भाषांतून फिरून येतो. पण नवं काम शिकताना त्याला सूचना एकाच भाषेत मिळू देत, ज्या भाषेत त्याला लहानपणी रागावलं आणि जवळ घेतलं गेलं त्या भाषेत. तिथं तेलुगू बोलणारं माणूस असेल तर शिकवायला तेच निवडा.

आता एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही, आणि ज्यावर अशी किती तरी कामं मोडलेली मी पाहिली आहेत. घडी घालणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात. तुमच्या भावाला शिकवण्यात त्यांचा रोज तास गेला तर तेवढी त्यांची कमाई बुडते. पहिला आठवडा त्या प्रेमानं करतील, दुसऱ्या आठवड्यात चिडचिड सुरू होईल, तिसऱ्यात 'त्याला घरीच ठेवा, आम्हाला जमत नाही' असं कानावर येईल. त्यांचा यात काय दोष? म्हणून शिकवणाऱ्या मावशींचा बुडणारा तास कोण भरून देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. मालक देतील तर उत्तम. नाहीतर पहिले दोन महिने तुम्ही द्या, उघडपणे, मालकांसमोर. मेणबत्त्यांच्या केंद्राला येण्याजाण्याचा जो खर्च करत होता त्याहून हा खर्च अधिक सार्थकी लागेल.

मालकांनी देऊ केलेलं 'चहापाण्याला काहीतरी' मात्र घेऊ नका. त्यांचं मन चांगलं आहे यात शंका नाही, आणि ते तसं बोलूनही दाखवा. पण चहापाण्याच्या पैशावर बसलेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही, आणि तो आला नाही तर कोणाचं अडत नाही. तुम्हाला हवं आहे ते याच्या उलट: तो आला नाही तर गठ्ठे खोळंबले पाहिजेत आणि कोणीतरी तुमच्या दारात येऊन 'आज का नाही आला?' असं विचारलं पाहिजे. त्यासाठी ठरलेलं काम, ठरलेली वेळ आणि ठरलेला पगार हवा. सुरुवात अर्ध्या दिवसापासून करा, आणि पहिले तीन महिने नगावर नको, अर्ध्या दिवसाचा बांधून दिलेला पगार मागा. नगावर ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात इतके थोडे पैसे पडतील की अम्मा म्हणतील, 'एवढ्यासाठी?' हात बसल्यावर इतरांना जो दर तोच त्याला. मालकांना मुदतही सांगा: 'तीन महिने बघा, नाही पटलं तर मी स्वतः त्याला घेऊन जाईन.' माणूस कायमचा गळ्यात पडेल ही त्यांची खरी भीती असते, ती बोलून दाखवली की निम्मी कमी होते.

सुरक्षेबाबत तडजोड करू नका. चालू मागाजवळ, पट्ट्यांजवळ त्याला जाऊ द्यायचं नाही, त्याचं टेबल घडीच्या किंवा पॅकिंगच्या खोलीतच हवं. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके काही जणांत सैल असतात, तेव्हा डोक्यावर किंवा खांद्यावर गठ्ठे उचलायचं काम त्याला कोणीही सांगायचं नाही, 'जवान पोरगा आहे, उचलेल' म्हणून तर अजिबात नाही. काम सुरू होण्याआधी डॉक्टरांना मान दाखवा, थायरॉइड तपासून घ्या, कान आणि डोळे बघून घ्या. या मुलांत थायरॉइड कमी असणं आणि ऐकू कमी येणं बरंच आढळतं, आणि मग घरचे म्हणतात आळशी आहे, ऐकत नाही. काही वेळा एका गोळीनं किंवा कानातल्या यंत्रानं फरक पडतो.

हे मालक नाहीच म्हणाले तर? तर दुसरा कारखाना. कायद्याचा धाक इथं कामाचा नाही, खासगी कारखानदारावर दिव्यांगांना घेण्याची सक्ती नाही. पण 'याला काम द्या' म्हणून फिरू नका, 'तुमचं कोणतं काम अडतं?' म्हणून फिरा. तुम्ही स्वतः गणवेशाच्या धंद्यात आहात. जूनच्या आधी शाळांच्या ऑर्डरी येतात तेव्हा शर्ट मापाप्रमाणे लावणं, बटणं तपासणं, पिशवीत भरणं यात शिवणाऱ्या बायकांचा किती वेळ जातो हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? शेंगांची चटणी, कडक भाकरी करणाऱ्या घरगुती उद्योगांत भाकरी रचायला आणि पाकिटं भरायला निवांत हाताचा माणूस लागतो, आणि तुमचा भाऊ निवांत हाताचा आहे. अशी अडलेली कामं प्रत्येक पेठेत असतात. मुंबईत मिरॅकल कुरिअर्सनं पाकिटं पोचवायला कर्णबधिर तरुण-तरुणी घेतले, कारण पत्ता वाचायला आणि रस्ता शोधायला कान लागत नाहीत. हुबळीला २०१७ मध्ये एका कॉलेजच्या आवारात मिट्टी कॅफे सुरू झालं, ते चालवणारी माणसं दिव्यांग आहेत, आणि आज दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही त्यांचं कॅफे आहे. हुबळी आपल्यापासून काही लांब नाही. सोलापुरात असं काही मोठं उभं राहायची वाट मात्र बघू नका, तुम्हाला एकच टेबल हवं आहे.

मामांचे दोन्ही सल्ले थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून आहे. पण त्या पदांना शिक्षणाची अट असते, परीक्षा असते. ऐकू न येणारे, दिसत नसलेले, पायानं अधू असलेले जे वाचक शिकले आहेत त्यांनी हा रस्ता जरूर धरावा. तुमच्या भावासाठी त्याची वाट बघत बसलात तर तो चाळिशीला येईल. टपरीचं म्हणाल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून सवलतीच्या व्याजानं कर्ज मिळतं हे खरं. पण गल्ल्यावर कोण बसणार, हिशेब कोण ठेवणार? कर्ज त्याच्या नावावर, टपरी मामांच्या हातात आणि तो बाजूला स्टुलावर, अशी व्यवस्था होणार असेल तर माझा सरळ विरोध आहे. काकूंचं केंद्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, काही मुलांना तिथली सोबत आवडते. पण वर्षानुवर्षं नुसतं प्रशिक्षण, दिवाळीत दयेनं घेतलेल्या चार मेणबत्त्या आणि पगार नाही, याला मी काम म्हणू शकत नाही.

आता अम्मा. अक्का, त्यांच्याशी वाद घालू नका. नवरा गेल्यावर तेंदूची पानं कातरून, विड्या वळून त्यांनी हे घर चालवलं आणि या मुलाला जपलं. ‘राबवणं’ म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना माहीत आहे, म्हणून त्या मुलाला त्यापासून वाचवू बघतात. तो घरात असतो ही त्यांची सोबतही आहे, तुम्ही गेल्यावर तर तीच उरेल. ते मान्य करा, मोठ्यानं मान्य करा. म्हणूनच अर्धा दिवस. सकाळी काम, जेवायला घरी. एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका: त्याला अम्मांच्या हाताखाली विड्यांना बसवणं. तंबाखूची धूळ आणि पुन्हा तीच चार भिंतींची खोली.

चिडवतील ही त्यांची भीती खरी आहे, चिडवतात. सगळ्यात जास्त घडणारा प्रकार म्हणजे मुलाला नाचायला लावायचं, गाणं म्हणायला लावायचं आणि हसायचं. तोही हसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं चालतंय. पहिले काही आठवडे तुम्ही अधूनमधून न सांगता जा. असं काही दिसलं तर त्याच दिवशी मालकांना सांगा. त्याला तेलुगूत एकच वाक्य पाठ करून द्या: 'नको, घरी सांगेन.' कोणी नको तिथं हात लावला, पैसे काढून घेतले, तरी हेच वाक्य. घरी रोज 'काम कसं झालं?' विचारण्याऐवजी 'आज कोणाशेजारी बसलास? चहा कोणाबरोबर घेतलास?' असं विचारा, त्यातून खरं कळतं.

कागदपत्रं लग्नाआधी उरकायची, भिवंडीहून ती होणार नाहीत. दिव्यांगत्वाचा जुना दाखला असेल आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, नसेल तर आधी ते. सिव्हिल हॉस्पिटलमधून तपासणी होते, अर्ज ऑनलाइन करता येतो. निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, तिच्यात त्याचं नाव घाला. अठरा पूर्ण झाल्यावर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अम्मांच्या बरोबर तुमचंही नाव सुचवा. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्याला मिळत असतील तर त्या योजनेला उत्पन्नाची अट आहे. पगार सुरू होण्याआधी तहसील कार्यालयात नीट विचारून घ्या. 'काम केलं तर पेन्शन जाईल' या धसक्यानं कित्येक घरं मुलांना बसवून ठेवतात, विचारून आल्यावर धसका निम्म्यानं उतरतो. आणि पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात. थोडे पैसे दर आठवड्याला त्याच्या खिशात हवेत, ते कशावर उडवायचे हे त्यानं ठरवायचं. सगळे भजी खाण्यात गेले तरी चालतील.

तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार? तुम्ही एकट्यानं आजवर जे केलंत ते आता चार-पाच जणांत वाटून टाका. सकाळी त्याला रस्ता ओलांडून देणारा कोणी, कारखान्यातली ती मावशी, बँकेत बरोबर जाणारा एखादा भाऊबंद, आजारी पडला तर अम्मांना गाडीवरून दवाखान्यात नेणारा शेजारचा मुलगा. त्यांना घरी बोलावून, चहा देऊन, प्रत्येकाला एकच काम सोपवा आणि सगळ्यांचे नंबर अम्मांच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावा. मामांनाही यात घ्या. टपरीत नको, पण बँकेच्या कामाला त्यांचा फार उपयोग होईल.

एक शेवटचं. तुमच्या लग्नात आठ-दहा दिवस काम बंद राहील. अशा खंडानंतर पुष्कळ मुलं परत जातच नाहीत, त्यांना वाटतं ते संपलं. आधीपासून कॅलेंडरवर सुट्टीचे दिवस आणि परत जायचा दिवस वेगळ्या रंगानं दाखवून ठेवा. आणि ती सुट्टी मालकांकडे त्यालाच मागायला लावा, 'अक्काचं लग्न आहे, सुट्टी पाहिजे' असं. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा.

तुमची ताई